पाटीवरचं नाव, काठावरची नक्षी

नवरात्रात केडगावच्या रेणुकामातेला पहाटेपासून रीघ लागते. नगर शहरातून बायकापोरं पायी येतात आणि बऱ्याच जणींच्या अंगावर त्या त्या दिवसाच्या रंगाची साडी नाहीतर कुर्ता असतो. नवरात्र सरलं की दसरा, मग दिवाळी आणि तुळशीचं लग्न लागलं की बस्ते. कपड्याच्या धंद्याचं वर्ष या अडीच-तीन महिन्यांत तरतं किंवा बुडतं. नगरचा जुना कापड बाजार आहेच. शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रजी गॅझेटिअरमध्येही या शहराची ओळख लुगडी विणणारं गाव अशी आहे. आता पुणे रस्त्यावरच्या केडगावसारख्या उपनगरातही घराच्या पुढच्या खोलीत कटिंगचं टेबल, दोन मशीन, एक ओव्हरलॉक आणि भिंतीला टेकलेले तागे एवढ्या भांडवलावर ब्रँड उभा राहतो.

अशा खोलीतून निघालेला एखादा कुर्ता उलटा करून पाहावा. गळपट्टीच्या मागे, बरोबर मध्यावर, दोन बोटं रुंदीची विणलेली पट्टी असते. तिची दोन्ही टोकं आत दुमडून टीप मारलेली, खाली साईजचा टॅग. कापड भिवंडी, इचलकरंजी नाहीतर सुरतेचं. दोरा, बटणं, कॅनव्हास ठोक बाजारातलं. शिलाई पीसवर. या सगळ्यात मालकाचं म्हणावं असं दोनच गोष्टींत असतं: त्या पट्टीवरचं नाव आणि कापडावर उतरवलेली नक्षी. बाकी सारं पैसे टाकले की कुणालाही मिळतं. आणि नेमक्या याच दोन गोष्टी आपले छोटे उद्योजक उघड्यावर ठेवून देतात. मशीनचा विमा काढतात, दुकानाला शटर बसवतात, नाव मात्र तसंच राहतं. कुणीतरी तेच नाव लावून ऑनलाईन विकायला लागतो, तेव्हा जाग येते.

कायदा छोट्या माणसाच्या बाजूने उभा राहू शकतो. पण त्याची एक अट आहे: वेळेवर या. नावाच्या बाबतीत थोडा उशीर खपतो, नक्षीच्या बाबतीत एक दिवसाचाही नाही. हा फरक ज्याला कळला, त्याचं अर्धं काम झालं.

शॉप ॲक्ट म्हणजे मालकी नव्हे

सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. शॉप ॲक्टचा दाखला आहे, जीएसटी नंबर आहे, उद्यम नोंदणी आहे, बँकेत त्याच नावाचं चालू खातं आहे. म्हणजे नाव आपलं झालं, असं लोक धरून चालतात. या कागदांवरून तुम्ही धंदा करता एवढं सिद्ध होतं. नावाची मालकी त्यातून मिळत नाही. एकाच नावाच्या दहा दुकानांना दहा जीएसटी नंबर मिळू शकतात. जमिनीला सातबारा लागतो तसा नावाला ट्रेडमार्कचा दाखला लागतो.

तो देणारा कायदा १९९९ चा आहे आणि तो १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. मालाचे आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग केलेले आहेत. अंगावरचे कपडे, पादत्राणं आणि टोप्या २५ व्या वर्गात येतात. नुसतं कापड, चादरी, टॉवेल २४ व्या वर्गात. दुकान चालवण्याची सेवा ३५ व्या वर्गात. नोंदणी वर्गवार असते. म्हणजे २५ व्या वर्गात कुर्त्यासाठी घेतलेलं नाव आपोआप चादरींना लागू होत नाही. साडी-ड्रेसचं दुकान चालवून स्वतःच्या लेबलचे कपडेही विकणाऱ्याने २५ आणि ३५ या दोन्ही वर्गांचा विचार करावा.

शुल्क फार नाही. एकटा मालक, स्टार्टअप किंवा उद्यम नोंदणी असलेला छोटा उद्योग यांना ऑनलाईन अर्जाला प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये पडतात, इतरांना ९,०००. वकील किंवा एजंटची फी वेगळी. अर्ज केला की त्याच वेळी क्रमांक मिळतो. पुढे तपासनीस अहवाल देतो. आक्षेप असेल तर ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मग नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून येतं आणि चार महिन्यांत कुणी विरोध केला नाही तर नोंदणी होते. ती दहा वर्षांची असते, पण दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत राहिलात तर नाव पिढ्यान्‌पिढ्या तुमचंच राहतं. महत्त्वाची गोष्ट ही की दाखला केव्हाही हातात येवो, हक्क अर्जाच्या तारखेपासून धरला जातो. म्हणून अर्जाची तारीख लांबवू नये.

अर्ज केल्यावर नावापुढे 'टीएम' लावायला हरकत नाही. गोलातला 'आर' मात्र नोंदणी झाल्यावरच लावायचा, आधी लावणं कायद्याविरुद्ध आहे. नाव जर्नलमध्ये छापून आल्यावर सरकारी दिसणारी, पैसे मागणारी बनावट पत्रंही येऊ लागतात. नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर आपला क्रमांक टाकून पाहिल्याशिवाय अशा पत्रावर एक रुपयाही भरू नये.

कोणतं नाव टिकतं, कोणतं टिकत नाही

केडगावात दुकान काढणाऱ्याच्या मनात पहिलं नाव येतं ते देवीचं. श्रद्धेचा भाग म्हणून ते योग्यच आहे, पण कायद्याच्या दृष्टीने हे नाव कच्चं. देवीदेवतांची, पवित्र ग्रंथांची नावं हजारो दुकानांवर असतात, मग ती एकट्याच्या ताब्यात कशी द्यायची? अगरबत्तीसाठी 'रामायण' या नावावर हक्क मागणारं एक प्रकरण पाटण्याहून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. पवित्र ग्रंथाच्या नावावर कुणा एकाला मक्तेदारी सांगता येणार नाही, असं न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं. 'श्री रेणुका ड्रेसेस' अशी पाटी जरूर लावावी. पण लेबलवर जे नाव जाईल, ते वेगळं घडवावं.

दुसरं मनात येतं गावाचं नाव. त्यातही अडचण आहे. मालाचं ठिकाण सांगणारा शब्द एकट्याला मिळत नाही, कारण त्या गावातल्या प्रत्येक व्यापाऱ्याला तो वापरण्याचा हक्क असतो. केडगावचं तर आणखी वेगळं. दौंड तालुक्यात दुसरं केडगाव आहे, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. तिथला शिंपीही हे नाव तेवढ्याच हक्काने लावेल. 'कॉटन', 'फॅशन', 'सुपर', 'रॉयल' असे मालाचं वर्णन करणारे किंवा गुण गाणारे शब्दही कमजोरच.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. महाराष्ट्रात छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाचे आणि प्रतिमेचे टी-शर्ट सर्रास निघतात. १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्याच्या परिशिष्टात शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते ट्रेडमार्कमध्ये, डिझाईनमध्ये किंवा व्यापारासाठी वापरता येत नाही. तरुणांनी आदरापोटी ब्रँडला महाराजांचं नाव दिलं, तरी त्यावर नोंदणी मिळणार नाही आणि कारवाईचा धोका मात्र पत्करावा लागेल. 'खादी' शब्दाचंही तसंच. तो खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या अखत्यारीत आहे. २०१८ मध्ये आयोगाने फॅबइंडियासारख्या मोठ्या कंपनीकडे हे नाव वापरल्याबद्दल ५२५ कोटी रुपयांची मागणी केली होती. सुती कापडाच्या कुर्त्यावर 'खादी' असं सहज छापणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

मग नाव ठेवावं कसं? ज्याचा कपड्याशी थेट संबंध नाही असा, किंवा स्वतः जुळवलेला शब्द सर्वांत पक्का. आपल्या मराठीत अशा शब्दांना तोटा नाही. आजीच्या तोंडचा एखादा विसरलेला शब्द, शेतातलं, नक्षत्रातलं एखादं नाव घ्यावं. निवडलं की नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर मोफत शोध घ्यावा, २५ व्या वर्गात, उच्चाराने सारखी असणारी नावंही तपासून. पाटी रंगवण्याआधी आणि पाच हजार लेबलं विणून घेण्याआधी हा अर्धा तास घालवलेला परवडतो.

जुनं दुकान, जुनी बिलं

ज्यांनी वीस वर्षं एक नाव चालवलं पण नोंदवलं नाही, त्यांचं काय? त्यांच्यासाठीही कायद्यात जागा आहे. आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क नंतर नोंदणी करणाऱ्यापेक्षा वरचा मानला जातो. तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीच्या 'इरुट्टुकडै हलवा' या नावावरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हेच तत्त्व पुन्हा सांगितलं.

पण 'आम्ही आधीपासून आहोत' हे तोंडी सांगून चालत नाही. त्यासाठी पहिलं बिलबुक लागतं, जुन्या वर्तमानपत्रातली जाहिरात लागते, उद्घाटनाचा तारखेसह फोटो लागतो, छापखान्याचं लेबलचं बिल लागतं. आपल्याकडे दर दिवाळीला जुनी बिलबुकं रद्दीत जातात. दुकानाचा सर्वांत जुना पुरावा असा किलोवर विकला जातो. प्रत्येक दुकानदाराने पहिल्या वर्षाची एक फाईल तरी कपाटात जपावी.

घरातल्या वाटण्यांचंही इथेच सांगतो. दोन भावांनी मिळून वाढवलेलं नाव, भाऊ वेगळे झाले की कुणाचं? दुकानं वाटली जातात, उधारी वाटली जाते, नावाबद्दल कुणी काही लिहीत नाही. मग एकाच रस्त्यावर दोन पाट्या लागतात आणि गिऱ्हाईक गोंधळतं. भागीदारी पत्रात आणि वाटणीपत्रात नावाची एक ओळ असलीच पाहिजे.

पन्नासाव्या पीसनंतर

आता नक्षी. इथे कायदा कडक आहे आणि तो कळला नाही म्हणून देशातल्या नामवंतांनीही फटका खाल्लेला आहे.

आपण काढलेल्या चित्रावर कॉपीराईट आपोआप येतो, नोंदणीची गरज नसते. बरेच जण एवढंच ऐकून निर्धास्त होतात. पण कॉपीराईट कायद्याच्या १५ व्या कलमाचा दुसरा भाग वेगळंच सांगतो. जी नक्षी डिझाईन कायद्याखाली नोंदवता आली असती पण नोंदवली नाही, ती वापरून मालकाने किंवा त्याच्या परवानगीने पन्नासपेक्षा जास्त नग यंत्राने तयार झाले, की त्या नक्षीवरचा कॉपीराईट संपतो. एकावन्नावा पीस मशीनवरून उतरला की हक्क गेला.

फॅशन डिझायनर ऋतू कुमार यांच्या कंपनीने बिबा या कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात आपल्या नक्षींच्या नकलेचा दावा लावला होता. २०१६ मध्ये तो टिकला नाही, आणि कारण हेच: नक्षी नोंदवलेल्या नव्हत्या आणि पन्नासची मर्यादा ओलांडली होती. त्याआधी २००८ मध्ये तरुण ताहिलियानी यांच्या कंपनीला याच न्यायालयाच्या खंडपीठाकडून संरक्षण मिळालं होतं, कारण त्यांचे कपडे मोजकेच, पन्नासच्या आत शिवले जात. महागडे, मोजके कपडे शिवणाऱ्याला कॉपीराईट पुरतो. दसऱ्याला दोनशे कुर्ते काढणाऱ्या केडगावच्या युनिटला तो पुरत नाही.

त्याच्यासाठी डिझाईन कायदा आहे, २००० सालचा. आकार, रेषांची मांडणी, नक्षी, रंगांची जुळणी असं डोळ्यांना दिसणारं जे मालावर उतरतं, ते त्यात नोंदवता येतं. अर्ज कोलकात्याच्या पेटंट कार्यालयाकडे, ऑनलाईन. व्यक्ती, स्टार्टअप किंवा छोट्या उद्योगाला शुल्क एका डिझाईनला १,००० रुपये. संरक्षण दहा वर्षं, आणखी पाच वर्षं वाढवता येतं. प्रत्येक कुर्त्याची नक्षी नोंदवणं कुणालाच जमणार नाही आणि गरजही नाही. हंगामातल्या ज्या दोन-तीन नक्षींवर धंद्याची भिस्त आहे, त्या नोंदवाव्यात.

मात्र अट कडक आहे. अर्जाच्या दिवशी नक्षी नवी असली पाहिजे, म्हणजे त्याआधी देशात किंवा परदेशात कुठेही लोकांसमोर आलेली नसावी. आणि आपण काय करतो? सॅम्पल शिवून झालं की रात्रीच व्हॉट्सॲप स्टेटसला टाकतो. इन्स्टाग्रामवर रील करतो. प्रदर्शनात टांगतो. चार दिवसांत ऑर्डर येतात, आठव्या दिवशी नक्कल येते आणि मग नोंदणी आठवते. तोवर नक्षी जुनी झालेली असते, आणि ती जुनी करणारे आपणच असतो. युरोपात नक्षी लोकांसमोर आल्यापासून तीन वर्षं तिला बिननोंदणीचंही संरक्षण मिळतं आणि नोंदणीला बारा महिन्यांची सवलत असते. आपल्या कायद्यात ती मुभा नाही.

तरी कापडवाल्यांसाठी या कायद्यात एक खास सोय आहे, जी फार थोड्यांना ठाऊक असते. कलम १६ प्रमाणे, नोंदवायच्या उद्देशाने केलेल्या नव्या कापड-नक्षीची पहिली गोपनीय ऑर्डर स्वीकारली तर ती नक्षी जाहीर झाली असं धरलं जात नाही. विश्वासाने एखाद्याला दाखवलेली नक्षी त्याने विश्वासघात करून फोडली, तरीही तुमचा हक्क बुडत नाही. म्हणून ठोक व्यापाऱ्याला सॅम्पल दाखवताना 'गोपनीय, नोंदणीसाठी' असं लिहिलेलं चार ओळींचं पत्र द्यावं आणि त्याची सही घ्यावी.

आणखी एक हक्क सहज हाती असूनही वापरला जात नाही, तो म्हणजे फोटो. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा कॉपीराईट, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. कुणी तुमच्याच मॉडेलचा फोटो लावून हलका माल विकत असेल, तर नक्षीचा वाद बाजूला ठेवून फोटोवरून त्या ऑनलाईन बाजाराकडे तक्रार करता येते. त्याला नोंदणी लागत नाही. फोटोग्राफरचं बिल मात्र जपलेलं हवं. लोगो काढून घेताना चित्रकाराकडून हक्क लेखी लिहून घ्यावेत.

सगळ्यांची नक्षी, सगळ्यांचं नाव

जी नक्षी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, ती कुणा एकाची होऊ शकत नाही. पैठणीवरचा बांगडी मोर, आसावली, नारळी काठ, मुनिया हे एखाद्या कंपनीला स्वतःच्या नावावर करता येणार नाहीत. पण 'पैठणी' या नावाला भौगोलिक मानांकन आहे. सोलापुरी चादर हे मानांकन मिळवणारं महाराष्ट्रातलं पहिलं उत्पादन. पुणेरी पगडीला ते २००९ मध्ये मिळालं. हे नाव त्या भागात, ठरलेल्या पद्धतीने माल करणाऱ्या सगळ्यांचं असतं. ते विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही.

बस्त्याला गेल्यावर दुकानात 'सेमी पैठणी' दाखवतात. हातमागाची पैठणी ओळखायची तर पदर उलटा करून बघावा. मागे सुटे, लोंबते धागे नसतात, मोर पुढून जसा तसाच मागून दिसतो. यंत्रमागाच्या साडीच्या मागे धाग्यांचं जाळं असतं किंवा ते कापून काढलेलं असतं. सेमीला सेमी म्हणून विकणं वेगळं, पैठणी म्हणून विकणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात येवल्या-पैठणच्या विणकराच्या ताटातला घास जातो.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या दिसणाऱ्या चपला आणल्या तेव्हा सगळा महाराष्ट्र पेटून उठला. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून मानांकन मिळालेलं होतं. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. १६ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने ती फेटाळली. मानांकनाचे नोंदणीकृत मालक दोन्ही राज्यांची महामंडळं आहेत आणि दाद मागायची तर त्यांनी यावं, असा त्याचा रोख होता. शिवाय मानांकन नावाचं रक्षण करतं. प्राडाने 'कोल्हापुरी' हे नाव लावलंच नव्हतं. चपलेचं रूप शेकडो वर्षांचं, त्यावर डिझाईनचा हक्कही नाही. तरी लोकांचा रेटा वाया गेला नाही. प्राडाने भारतीय कारागिरीचं ऋण मान्य केलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकर या महामंडळांशी करार केला. त्यात दोन हजार जोड इथे बनवून जगभर सुमारे ८०० युरोंना विकायचं ठरलं. कायद्याने जिथे हात टेकले, तिथे नाव नोंदलेलं होतं म्हणून वाटाघाटीला कुणीतरी समोर बसू शकलं, हे मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

नगर जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. जामखेड तालुक्यातल्या चौंडीत १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्यादेवींनी महेश्वरला विणकर वसवले, आणि महेश्वरी साडी आजही त्या गावाच्या नावाने, मानांकनासह विकली जाते. राज्यकर्त्याने कारागिराला आसरा दिला आणि गावाने नाव जपलं, तर कापड अडीचशे वर्षं टिकतं.

नगरच्या कोर्टात

नक्कल झालीच तर? नोंदणीचा खरा उपयोग इथे दिसतो. ट्रेडमार्क नोंदलेला असेल तर दावा तुमच्या धंद्याच्या गावी लावता येतो. नक्कल करणारा सुरतेत असो की दिल्लीत, केडगावचा उद्योजक नगरच्या जिल्हा न्यायालयात जाऊ शकतो. नोंदणी नसेल तर साधारणपणे जिथे नकली माल विकला जातो तिथे पळावं लागतं, आणि आपला नावलौकिक आधी सिद्ध करावा लागतो. तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थीची पायरी आहे, आणि अनेक वाद तिथेच मिटतात. नकली मालावर फौजदारी कारवाईही होते: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. त्यासाठी पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी छापा घालतो, तोही ट्रेडमार्क निबंधकाचं मत घेऊन. डिझाईनच्या दाव्यात प्रतिवादीने नोंदणीच अवैध असल्याचा मुद्दा काढला, तर प्रकरण उच्च न्यायालयाकडे, म्हणजे आपल्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाकडे जातं.

सगळ्यांना कोर्टाची पायरी चढायची वेळ येणार नाही. बहुतेक वेळा वकिलाची नोटीस आणि सोबत नोंदणी दाखल्याची प्रत एवढ्यावर नकली माल खाली उतरतो. मोठे ऑनलाईन बाजारही ब्रँडचं संरक्षण देताना पहिल्यांदा ट्रेडमार्कचा क्रमांकच विचारतात. तो क्रमांक नसेल तर नावाबद्दलची तक्रार कितीही खरी असली तरी पुढे सरकत नाही.

माझं सांगणं सरळ आहे. केडगावच्या, नगरच्या आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावातल्या व्यापारी संघटनांनी, बचत गटांनी, आयटीआयच्या शिवण वर्गांनी वर्षातून एक दिवस या कामाला द्यावा. वकील बोलवावा, संगणकावर नावं शोधून दाखवावीत, तिथेच अर्ज भरून घ्यावेत. आणि ज्याचं लेबल आज कुर्त्यावर आहे पण कागदावर नाही, त्याने पुढच्या नवरात्राची वाट पाहू नये. ही दिवाळी झाली की पहिल्या आठवड्यात नावाचा अर्ज करावा, आणि पुढच्या हंगामाची नक्षी स्टेटसला टाकण्याआधी कोलकात्याला पाठवावी. ४,५०० रुपये आणि १,००० रुपये. पंधरा-वीस वर्षांच्या मेहनतीच्या मानाने ही रक्कम काहीच नाही.